प्रश्न तुमचा, उत्तर सगळ्यांचं

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी नवख्या माणसाचा पहिला अनुभव बहुधा कडवट असतो. तो आपली अडचण लिहितो, शेवटी ‘कृपया लवकर सांगा, आगाऊ धन्यवाद’ असं जोडतो आणि थोड्याच वेळात प्रश्नावर ‘डुप्लिकेट’, म्हणजे हे आधीच विचारून झालं आहे, असा शिक्का बसतो. सोबत एका जुन्या प्रश्नाची लिंक. वर कुणीतरी ते ‘आगाऊ धन्यवाद’सुद्धा खोडून टाकलेलं असतं. मदत मागायला आलो होतो, परीक्षा द्यायला नाही, असं वाटून माणूस चिडतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही.

राग समजण्यासारखा आहे, पण त्याच्या मुळाशी गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, ही जागा आपली अडचण सोडवण्यासाठी आहे. तिची रचना मात्र वेगळ्याच हेतूने केलेली असते. प्रश्न एक जण विचारतो, पण उत्तर लिहिलं जातं ते पुढच्या महिन्यात किंवा पाच वर्षांनी हीच अडचण घेऊन शोधत येणाऱ्या अनोळखी माणसांसाठी. विचारणाऱ्याचं काम त्यात होऊन जातं, हे खरं. पण तो त्या उत्तराचा फक्त पहिला वाचक असतो. एवढं ध्यानात आलं की तिथले विचित्र वाटणारे नियम उलगडायला लागतात. या जागांमधून शिकायचं कसं, हेही त्यातूनच कळतं.

अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर सगळ्यांसमोर मिळवायचं, ही कल्पना इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. १६९१ मध्ये लंडनला जॉन डंटन या पुस्तकविक्रेत्याने ‘अथीनियन मर्क्युरी’ नावाचं नियतकालिक काढलं. वाचकांनी नाव न सांगता प्रश्न पाठवायचे, त्यांची उत्तरं छापून येणार. निसर्गातली कोडी, धर्म, प्रेम, लग्न, सगळं त्यात चालायचं. उत्तरं द्यायला मोठं विद्वानमंडळ बसलं आहे असा देखावा होता. प्रत्यक्षात डंटन आणि त्याचे मोजके साथीदारच ती लिहीत. उत्तर देणारा खरोखर कोण आहे, ही शंका तेव्हापासूनची आहे म्हणायची. पुढे १८४९ मध्ये विल्यम थॉम्स यांनी ‘नोट्स अँड क्वेरीज’ सुरू केलं. त्यात एका वाचकाने विचारायचं आणि दुसऱ्या वाचकाने उत्तर द्यायचं अशी पद्धत होती. आजच्या प्रश्नोत्तरांच्या जागांचं हे खरं पूर्वरूप.

संगणकांच्या जाळ्यावर हाच प्रकार १९८० च्या सुमारास युजनेट या चर्चेच्या जाळ्यावर सुरू झाला आणि तिथे एक नवीच कटकट उभी राहिली. नवे लोक सतत येत आणि प्रत्येक जण तेच ते प्रश्न विचारी. जुने लोक उत्तरं देऊन देऊन कंटाळत. शेवटी त्यांनी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून ठेवली आणि ती ठरावीक काळाने पुन्हा टाकायला सुरुवात केली. ‘एफएक्यू’ हा प्रकार रुजला तो असा. डुप्लिकेटच्या शिक्क्यामागे हाच कंटाळा आहे, फक्त त्याला आता बटण मिळालं आहे.

याहू आन्सर्स ही जागा २००५ मध्ये सुरू झाली. तिथे असा काही जाच नव्हता. कुणीही काहीही विचारावं, कुणीही काहीही उत्तर द्यावं. त्यामुळे तीच अडचण पुन्हा पुन्हा नव्याने विचारली जायची आणि प्रत्येक वेळी नवी, अर्धवट उत्तरं साचायची. करमणूक भरपूर, पण शोधत आलेल्याच्या हाती खात्रीचं काही लागेलच असं नाही. ४ मे २०२१ ला ती बंद झाली. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी काढली ती नेमकी उलट्या विचाराने. गप्पा छाटायच्या, उत्तर तेवढं ठेवायचं आणि ते सुधारायची मुभा इतरांनाही द्यायची. धन्यवाद खोडतात ते यामुळे. पाच वर्षांनी येणाऱ्याला त्या धन्यवादाचा काय उपयोग?

गुणांचं गणित

इथे पगार कुणालाच नाही, मग लोक उत्तरं का देतात? बऱ्याच जणांना समजावून सांगायला मनापासून आवडतं. पण त्या आवडीला वळण लावायला गुण असतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर तुमचं उत्तर कुणाला उपयोगी वाटलं आणि त्याने मत दिलं, तर १० गुण मिळतात. विचारणाऱ्याने तुमचं उत्तर स्वीकारलं तर १५. विरोधी मत पडलं तर २ कमी होतात. आणि यातली मला सर्वांत आवडणारी तरतूद अशी की दुसऱ्याच्या उत्तराला विरोधी मत देणाऱ्याचाही १ गुण जातो. चूक दाखवायची तर स्वतःच्या खिशाला थोडी झळ सोसून दाखवा. केवळ आकसापोटी बटण दाबत सुटणाऱ्यांना त्यामुळे थोडा तरी लगाम बसतो.

गुण साठतील तसे अधिकार वाढतात. १५ गुणांवर उत्तरं-प्रश्नांना पसंती देता येते, ५० वर कुठेही कमेंट करता येते, २००० झाले की इतरांचं लेखन कुणाच्या मंजुरीशिवाय दुरुस्त करता येतं. म्हणजे तुमचा प्रश्न बंद करणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतो. कधीकाळी तुमच्यासारखाच येऊन तिथे रुळलेला कुणीतरी असतो.

सगळीकडे हेच नियम आहेत असं मात्र नाही. क्वोरावर अनुभव आणि मतं चालतात, तिथे लेखकाचं नाव आणि ओळख महत्त्वाची. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या ‘आस्क हिस्टोरियन्स’मध्ये इतिहासाचं सविस्तर, आधार देता येईल असं उत्तर लागतं, ‘मी कुठेतरी वाचलं होतं’ छापाची उत्तरं तिथे देखरेख करणारे मॉडरेटर सरळ काढून टाकतात, त्यामुळे कधी कधी पानावर प्रश्न दिसतो आणि खाली नुसत्या काढून टाकलेल्या कमेंटच्या खुणा. २००९ मध्ये सुरू झालेलं मॅथओव्हरफ्लो संशोधन करणाऱ्या गणितज्ञांसाठी आहे. गृहपाठ तिथे चालत नाही. पण नियम माणसांनीच राबवायचे असल्यामुळे ते वाकतातही. २०१० मध्ये तिथे कुणीतरी विचारलं की गाउस किंवा ऑयलर या थोर गणितज्ञांच्या तोडीची प्रतिभा नसलेल्याने गणितात भर ती काय घालायची? काटेकोर नियम लावला असता तर प्रश्न बंदच व्हायचा. त्याला उत्तर दिलं गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळवलेल्या विल्यम थर्स्टन यांनी. गणितातून निपजते ती प्रमेयं नव्हेत, समज, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. ते उत्तर आजही वाचलं जातं.

तेव्हा नव्या जागी गेलात की आधी थोडे दिवस नुसतं वाचा. कुठल्या प्रश्नांना चांगली उत्तरं मिळतात, कुठले बंद होतात, हे पाहून त्या जागेची रीत जितकी कळते तितकी नियमांचं पान वाचून कळत नाही.

प्रश्न लिहिणं हाच अर्धा अभ्यास

समोरच्या अनोळखी माणसाला तुमचा स्क्रीन दिसत नाही. तुम्ही आधी काय करून पाहिलंत, तुम्हाला नेमकं काय हवं होतं, तेही त्याला ठाऊक नाही. हे सगळं लिहिल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचणार नाही. कटकटीचं वाटतं, पण खरं शिकणं इथेच होतं. एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, तुमच्याकडे एक्सेलची फाइल आहे आणि तारखा क्रमाने लावायच्या आहेत, पण त्या भलत्याच क्रमाने लागतात. पहिल्या झटक्यात सुचणारा प्रश्न असा: ‘एक्सेलमध्ये तारखा नीट लागत नाहीत, काय करू?’ याला कुणी काय उत्तर देणार? शंभर कारणं असू शकतात.

आता अनोळखी माणसाला कळेल असं लिहायला बसा. नीट लागत नाहीत म्हणजे काय होतं? काही तारखा वर जातात, काही सगळ्या खाली एकगठ्ठा पडतात. कुठल्या खाली पडतात? दोन-चार नमुने उतरवून घ्या. ‘१२/०३/२०२४’ वरच्या गटात आहे, ‘२५/०३/२०२४’ खालच्या. ‘०७/०३/२०२४’ वर, ‘१९/०३/२०२४’ खाली. अजून एक गोष्ट नजरेला येते: वरच्या तारखा सेलच्या उजव्या कडेला आहेत, खालच्या डाव्या. आणि मग ध्यानात येतं की पहिला आकडा १२ पर्यंत असलेल्या तारखा वर आहेत आणि १२ च्या पुढच्या खाली. वर्षात महिने किती? बारा! म्हणजे संगणक पहिला आकडा महिना समजतो आहे. बारा मार्चची त्याने तीन डिसेंबर करून टाकली. पंचविसावा महिना कुठून आणणार? म्हणून ती तारीख त्याने नुसता मजकूर म्हणून सोडून दिली.

प्रश्न टाकण्याआधीच तो सुटला. हे वारंवार घडतं. १९९४ मध्ये संशोधक मिशेलिन ची (Chi) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीतल्या मुलांना रक्ताभिसरणावरचा एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचायचा होता. काहींनी प्रत्येक वाक्यानंतर थांबून त्याचा अर्थ स्वतःला समजावून सांगायचा होता. समजावून सांगणाऱ्या मुलांना विषय जास्त चांगला कळला. प्रश्न नीट लिहिताना आपण नकळत हेच करत असतो, फरक इतकाच की समोर कुणीतरी आहे असं धरून.

म्हणून प्रश्नात काय असावं याची यादी पाठ करायची गरज नाही. घडलं ते, घडायला हवं होतं ते आणि स्वतः करून पाहिलं ते, एवढं जमेल तितक्या थोडक्यात लिहा. हजार ओळींची फाइल चिकटवू नका. चार ओळींत तीच चूक दाखवता येते का पाहा. प्रोग्रामिंग करणारे यावर फार हट्ट धरतात आणि ते बरोबर आहे. कारण हजाराच्या चार करताना बहुतेकदा गुन्हेगार सापडतोच.

आता त्याच उदाहरणाचं दुसरं, जास्त फसवं रूप. तारखा बिघडल्या आहेत हे त्या माणसाला ठाऊकच नाही. त्याला तारखांमधून वर्ष वेगळं काढायचं आहे. तो विचार करतो की वर्ष शेवटी असतं, तेव्हा शेवटची चार अक्षरं काढली की झालं. आणि विचारतो, ‘सेलमधली शेवटची चार अक्षरं कशी काढायची?’ लगेच कुणीतरी सूत्र सांगतो. सूत्र बरोबरच असतं. लावल्यावर काही ओळींत २०२४ येतं आणि काहींत ५६२९! कारण खरी तारीख एक्सेल आतमध्ये आकडा म्हणून साठवतो. आपल्या बारा मार्चची झालेली तीन डिसेंबर २०२४ म्हणजे ४५६२९, आणि त्याची शेवटची चार अक्षरं ५६२९. आता तो नवा प्रश्न विचारतो, ‘५६२९ कसं घालवायचं?’

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच, फक्त इथे लपवणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. आपण अडचणीवर मनातल्या मनात एक उपाय ठरवतो, तो अडला की त्या उपायाबद्दल विचारतो आणि मूळ अडचण सांगायची राहूनच जाते. प्रोग्रामिंगच्या जगात याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात. यावर तोडगा एका वाक्याचा आहे: ‘मला हे मुळात कशासाठी हवं आहे’ ते प्रश्नात लिहा. म्हणूनच कुणी उलट विचारलं, ‘तुम्हाला करायचं काय आहे?’, तर तो टोमणा समजू नका. बहुधा त्या माणसाला असे प्रश्न खूप पाहून वास आलेला असतो.

मतं म्हणजे पुरावा नव्हे

२०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतला एक छोटा कोड कुणीतरी उत्तर म्हणून दिला. काम साधं होतं. बाइटची मोठी संख्या माणसाला वाचता येईल अशी, केबी किंवा एमबीमध्ये दाखवायची. लोकांनी उत्तर डोक्यावर घेतलं. पुढे एका संशोधनात आढळलं की त्या जागेवरून सर्वांत जास्त नकललेला जावाचा तुकडा हाच. आणि २०१९ मध्ये खुद्द लेखकानेच लिहून सांगितलं की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइट दिले की तो ‘१.० एमबी’ऐवजी ‘१०००.० केबी’ दाखवायचा. इतकी वर्षं, इतकी मतं, इतके नकलणारे, आणि काठावरचा आकडा घालून पाहणारे फार थोडे.

मतांची संख्या काय सांगते? इतक्या लोकांना उत्तर उपयोगी वाटलं, इतकंच. त्यातले बरेच जण उत्तर वाचून पटलं म्हणून मत देतात, करून पाहून नव्हे. शिवाय मताला मत चिकटतं. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाचा अहवाल आला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या काही कमेंटना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्या तसं, कुठलाही निकष न लावता, सुरुवातीलाच एक पसंती देऊन टाकली. त्या कमेंटचा शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेला निघाला. कुणीतरी आधी मान डोलावलेली दिसली की आपली मानही डोलते. लवकर आलेल्या उत्तराला याचा फायदा होतो, मग ते चांगलं असो वा नसो.

‘स्वीकारलं’ या खुणेचीही तीच गत. ती विचारणाऱ्याने दिलेली असते, म्हणजे ज्याला उत्तर माहीत नव्हतं त्याने. त्याचं काम झालं, एवढाच तिचा अर्थ. स्टॅक ओव्हरफ्लोवर असं उत्तर बरीच वर्षं सगळ्यांच्या वर ठेवलं जायचं. २०२१ मध्ये ती पद्धत बदलली, कारण वर बसलेली कितीतरी उत्तरं जुनी झाली होती आणि त्यांच्यापेक्षा चांगली खाली खितपत पडली होती.

मग उत्तर जोखायचं कसं? आधी तारीख पाहा. सॉफ्टवेअर, कायदा, औषधं अशा विषयांत दहा वर्षांपूर्वीचं बरोबर उत्तर आज चूक असू शकतं. भूमितीत तसं होत नाही. मग उत्तराखालच्या कमेंट वाचा. घाईत लोक त्या गाळतात आणि नेमकं सोनं तिथेच असतं: ‘मोठ्या फाइलवर हे चालत नाही’, ‘नव्या आवृत्तीत ही सोय काढली आहे’. नंतर दुसरं आणि तिसरं उत्तर. दोन जाणकार भांडत असतील तर कोण जिंकलं हे पाहू नका. ते कशावरून भांडतात ते पाहा. बहुतेकदा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि ‘कुठल्या परिस्थितीत’ हा मुद्दा त्या भांडणातूनच कळतो. पाठ्यपुस्तकात हे क्वचित मिळतं, कारण तिथे भांडण मिटल्यानंतरचं तेवढं छापतात.

आणि कारण न देणाऱ्या उत्तरापासून सावध राहा. ‘हे टाइप करा, चालेल’ या उत्तराने काम होईल, पण उद्या थोडी वेगळी अडचण आली की तुम्ही पुन्हा तिथेच. काही विषयांत तर कारण असूनही पुरत नाही. तब्येतीच्या तक्रारीवर तपासल्याशिवाय कुणी निदान सांगत असेल तर ते वाचून फार तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मनात तयार करावेत.

उत्तर द्यायला लागल्यावर

अशा जागांवर बहुसंख्य लोक फक्त वाचतात. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये यासाठी एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: १०० पैकी ९० नुसते वाचणारे, ९ कधीमधी लिहिणारे आणि एकच सतत लिहिणारा. नुसतं वाचण्यात कमीपणा काहीच नाही. उत्तरं मुळात त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात. पण आपल्याला विषय कितपत कळला आहे, हे वाचून समजत नाही. वाचताना सगळंच कळल्यासारखं वाटतं. लिहायला बसलं की ‘असं का?’ या पहिल्याच प्रश्नाला पेन थांबतं.

त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. नुकतंच शिकलेल्या माणसाला नवखा कुठे अडतो हे ताजं आठवत असतं. मुरलेला माणूस ते विसरलेला असतो. चुकलात तर चूक दाखवायला लोक टपलेलेच आहेत. एक गमतीचा नियमच आहे की इंटरनेटवर बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. विकी पद्धतीचे जनक वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर तो खपतो, पण त्यांनी तो आपला नसल्याचं सांगितलं आहे. म्हणजे त्यांच्याबाबतीतही चुकीचं काहीतरी फिरलं आणि दुरुस्ती मागून आली.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यात चॅटबॉट आले. चॅटजीपीटी बाहेर पडल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी घातली. कारण सरळ होतं. उत्तरं दिसायला झकास, पण त्यात चुका फार. लिहायला अर्धा मिनिट, तपासायला अर्धा तास, आणि तपासणारे मूठभर. त्यानंतर तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्याही झपाट्याने घटली, कारण बरेच लोक यंत्रालाच विचारू लागले. यंत्र चिडत नाही, शिक्का मारत नाही, हा मोठा दिलासा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. यंत्राचं उत्तर तुम्ही एकटेच वाचता. त्याखाली ‘मोठ्या फाइलवर हे चालत नाही’ असं लिहायला तिसरं माणूस नसतं.

मला वाटतं, दोन्हींचा मेळ घालता येतो. एखाद्या अडचणीला जाणकार काय म्हणतात, कुठल्या शब्दांनी शोधायचं, हे नवख्याला माहीत नसतं. तिथे यंत्र कामाला येतं. मिळालेले शब्द घेऊन मग माणसांची जुनी उत्तरं आणि त्यांच्यातली भांडणं वाचावीत. आणि शोधूनही काही सापडलं नाही, शेवटी स्वतःच मार्ग काढला, तर तो लिहून ठेवावा. नाहीतर जिथे प्रश्न विचारला होता तिथे नुसतं ‘सुटलं, धन्यवाद’ लिहून लोक निघून जातात आणि चार वर्षांनी तीच चूक शोधत आलेला माणूस ते वाक्य वाचून डोक्याला हात लावतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर आपल्याच प्रश्नाला आपण उत्तर द्यायला पूर्ण मुभा आहे. प्रश्न टाकतानाच उत्तरही जोडता येतं. ते ‘स्वीकारलं’ म्हणून खूण करायला दोन दिवस थांबावं लागतं आणि त्याचे १५ गुण मिळत नाहीत. इतर कुणाला ते उपयोगी पडलं तर मात्र नेहमीचे १० मिळतात.